पदार्थासाठीं दिवस

महाराष्ट्रांतील घरांत वर्षाचें पंचांग जिभेलाही पाठ असतें. संक्रांत म्हटली कीं तिळगूळ, होळी म्हटली कीं पुरणपोळी, गणेशचतुर्थी म्हटली कीं मोदक. येथें दिवस आधीं ठरलेला असतो आणि पदार्थ त्याच्या मागून येतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकांत याच्या नेमकी उलट अशी एक रीत रुजली. तेथें पदार्थ आधीं असतो आणि त्याच्यासाठीं दिवस शोधावा लागतो. आइस्क्रीमचा दिवस, कॉफीचा दिवस, इतकेंच काय, शिसपेन्सिलीचाही दिवस! अशा दिवसांनीं तिकडची दिनदर्शिका कांठोकांठ भरून गेली आहे.

हे सारे दिवस ‘राष्ट्रीय’ म्हणवितात. परंतु राष्ट्रानें त्यांना मान्यता केव्हां दिली, असें विचारल्यास बहुतेकांच्या बाबतींत ‘कधींच नाहीं’ असेंच उत्तर मिळतें. अपवाद थोडे आहेत. कायदेमंडळाच्या ठरावावरून १९८४ सालीं अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनीं जुलै हा आइस्क्रीमचा महिना आणि १५ जुलै हा आइस्क्रीमचा दिवस म्हणून रीतसर जाहीर केला. देशांत निघणाऱ्या दुधाचा जवळजवळ दहावा हिस्सा या पदार्थाकडे जातो, हें त्या जाहीरनाम्यांत आवर्जून सांगितलें होतें. म्हणजे थट्टेच्या पडद्याआड गवळ्यांचा प्रपंच उभा होता. पुढें स्मरणदिनांच्या ठरावांचा असा पूर लोटला कीं, १९९५ सालीं प्रतिनिधिगृहानें असे ठराव मांडण्यासच आपल्या नियमांनीं मनाई केली. तेव्हांपासून ‘राष्ट्रीय’ हें विशेषण ज्याचें त्यानें लावून घ्यावें, अशी स्थिति आहे. दिवस उदंड झाले. त्यांच्यामागें उभें राहणारें राष्ट्र मात्र बाजूला झालें.

या गर्दींत डोनटचा दिवस निराळा उठून दिसतो. तो जून महिन्याच्या पहिल्या शुक्रवारीं येतो. डोनट म्हणजे मैद्याचें, मध्यें भोंक असलेलें, तळलेलें गोड कडें. रूप मेदुवड्याचें, चव मात्र पक्वान्नाची. न्यूयॉर्कच्या परिसरांत वसाहत करून राहिलेल्या डच लोकांनीं गोड पिठाचे तळलेले गोळे अमेरिकेंत नेले. वॉशिंग्टन अर्व्हिंग या लेखकानें १८०९ सालीं लिहिलेल्या न्यूयॉर्कच्या विनोदी इतिहासांत त्यांचा उल्लेख आहे. परंतु या पदार्थाला दिवस मिळाला तो त्याच्या प्राचीनतेमुळें नव्हे. तो मिळाला युद्धामुळें.

एप्रिल १९१७ मध्यें अमेरिका पहिल्या महायुद्धांत उतरली. त्या वेळीं तेथील मुक्तिफौजेचें नेतृत्व इव्हॅंजेलिन बूथ या बाईंकडे होतें. मुक्तिफौजेचे संस्थापक विल्यम बूथ यांची ही कन्या. या संस्थेचें नांव महाराष्ट्राला नवें नाहीं. १९ सप्टेंबर १८८२ रोजीं तिची पहिली तुकडी मुंबईच्या बंदरांत उतरली होती. तिचे पुढारी फ्रेडरिक टकर यांनीं हिंदुस्थान सरकारची सनदी नोकरी सोडली, हिंदी पोशाख केला आणि ‘फकीरसिंग’ असें नांव धारण केलें. हेच टकर पुढें बूथ यांचे जांवई झाले, अमेरिकेंतील शाखेचे प्रमुख झाले, आणि १९०४ सालीं त्यांच्याच जागेवर इव्हॅंजेलिनबाई आल्या. पूर्वीच्या अहमदनगरांत, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांत, मुक्तिफौजेचें जें रुग्णालय आहे, त्याला याच बाईंचें नांव आहे.

बाईंनीं फ्रान्समध्यें पाठविलेलीं माणसें फार नव्हतीं. सारीं मिळून सुमारें २५०. पण तीं आघाडीच्या अगदीं जवळ जाऊन राहिलीं. तेथील झोंपड्यांतून शिपायांना गरम पेय मिळे, फाटके सदरे शिवून मिळत, घरीं पत्र लिहावयास कागद मिळे. १९१७ च्या पावसाळी शरदांत हेलन पर्व्हियन्स आणि मार्गारेट शेल्डन या दोन तरुणी मोंतिए-सुर-सो नांवाच्या खेड्यांत अशाच ठिकाणीं काम करीत होत्या. पाऊस दिवसचे दिवस खळत नव्हता, चिखलानें शिपाई हैराण झाले होते, आणि घरचें कांहीं खाऊं घालावें तर भट्टी नाहीं, अंडीं नाहींत. जवळ होतें तें इतकेंच : पीठ, साखर, चरबी, बेकिंग पावडर आणि डब्यांतलें दूध. एवढ्यावर होण्यासारखा पदार्थ म्हणजे डोनट. लाटणें नव्हतें, म्हणून दारूच्या रिकाम्या बाटलीनें पीठ लाटलें. चूल इतकी ठेंगणी कीं, हेलनला गुडघे टेंकूनच तळणी सांभाळावी लागली. पहिल्या दिवशीं १५० नग झाले. मध्यें भोंक हवें, असा शिपायांचा आग्रह पडला, तेव्हां एका वृद्ध फ्रेंच लोहारानें दुधाच्या डब्याचें तोंड व एक बारीक नळी लांकडी ठोकळ्यावर बसवून साचा करून दिला. बातमी पसरली, रांगा लागल्या. पुढें सामग्री वाढल्यावर रोजचा आंकडा हजारांवर गेला. अमेरिकन शिपायाला ‘डोबॉय’ हें नांव या पदार्थावरून पडलें, असें पुष्कळदां सांगतात. पण तें खरें नव्हे. तें नांव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच प्रचारांत होतें.

युद्ध संपलें, शिपाई घरीं परतले आणि डोनटची आवड बरोबर घेऊन आले. १९२० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्यें अडॉल्फ लेव्हिट या रशियांतून आलेल्या गृहस्थानें डोनट करणारें यंत्र काढलें. मग १९२९ ची मंदी आली. तिच्यांतून देश सांवरत आहे असें वाटतांच १९३७ सालीं पुन्हां घसरगुंडी सुरू झाली. अशा वेळीं, १९३८ सालीं, शिकागो शहरांत मुक्तिफौजेनें डोनटचा दिवस सुरू केला. हेतु दोन होते : अडलेल्या कुटुंबांसाठीं निधि गोळा करणें, आणि फ्रान्सच्या चिखलांत चुलीपुढें गुडघे टेंकलेल्या त्या स्त्रियांचें स्मरण करणें.

तळलेल्या कड्याला एवढी किंमत कां यावी, याचें उत्तर दुसऱ्या महायुद्धांतील एका हकीकतींत सांपडतें. ब्रिटनमधील अमेरिकन शिपायांना रेड क्रॉसच्या केंद्रांतून डोनट व कॉफी फुकट मिळे. ब्रिटिश शिपायांना मात्र आपल्या केंद्रांत पैसे मोजावे लागत. त्यावरून तेढ नको, म्हणून १९४२ सालीं अमेरिकेच्या युद्धमंत्र्यांच्या सूचनेवरून रेड क्रॉसनें त्यांचे अल्पसे दाम घेण्यास सुरुवात केली. रक्कम क्षुल्लक, कारणही समजण्यासारखें. पण कित्येक शिपायांनीं ती गोष्ट म्हातारपणापर्यंत मनांतून काढली नाहीं. घरून आलेली म्हणून जी वस्तु हातांत घेतली, तिची किंमत कुणीतरी मागितली, हा तो सल होता.

नंतरच्या दिवसांचें कूळ निराळें आहे. स्वीडनमध्यें १९९९ सालीं ४ ऑक्टोबर हा दालचिनीच्या पावाचा दिवस ठरला. तो ठरविणारें मंडळ पीठ, साखर व यीस्ट विकणाऱ्यांनींच पूर्वीं स्थापिलें होतें. त्याच वर्षीं जपानमधील एका कारखानदारानें चॉकोलेटांत बुडविलेल्या आपल्या बिस्किटाच्या काड्यांसाठीं ११ नोव्हेंबर हा दिवस निवडला, कारण त्या तारखेंतील चार एक चार काड्यांसारखे दिसतात. ज्या युद्धानें डोनटला त्याचा दिवस दिला, त्याच्या तोफा १९१८ सालीं थांबल्या तोही ११ नोव्हेंबरच.

अशा दिवसांना हंसण्याचें कारण नाहीं. थोडी गंमत कोणाला नको असते? आणि नवेपणा हा कांहीं दोष नव्हे. प्रत्येक सण कधींतरी नवाच होता. पाहावयाचें एवढेंच कीं, त्या दिवसाजवळ सांगण्यासारखें कांहीं आहे कीं नाहीं. जूनच्या पहिल्या शुक्रवारीं अमेरिकेंतील कित्येक दुकानें आजही गिऱ्हाइकांना एक डोनट फुकट देतात, आणि दाराशीं रांगा लागतात. पुरणाबरोबर होळीची कथाही घरांत वाढली जाते, म्हणून होळी पिढ्यान्‌पिढ्या टिकली. त्या रांगेंत उभ्या असलेल्या मुलाला पहिल्या १५० डोनटांची गोष्ट कोणी सांगितली, तर तो दिवसही टिकेल. नाहीं तर कडें तेवढें हातांत राहील आणि मधल्या भोंकांतून आठवण निसटून जाईल.