दातांनी दिलेली साक्ष

मुंबईच्या मांडवी भागात १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी रोग्यांच्या काखाजांघांतल्या गाठी तपासल्या आणि शहरात ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, शिरला आहे असे निदान केले. पुढची हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे. १८९७ च्या १० मार्चला सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता याच रोगाने गेल्या. त्याच वर्षी २२ जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. आणि घरात उंदीर पडला की सामानसुमान आवरून रानात झोपडी बांधायची हे गावोगावच्या माणसांना कोणी न शिकवता कळू लागले. ही सारी कथा आपण दुःखाची आणि राजकारणाची म्हणून सांगतो. परंतु त्या साथीने दूर युरोपातल्या इतिहासकारांमध्ये एक मोठा वाद लावून दिला आणि तो मिटायला शंभरावर वर्षे लागली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगच्या साथीत आलेक्झांद्र येर्सँ या शास्त्रज्ञाला सापडला. तो उंदराच्या पिसवांतून माणसाला होतो ही कल्पना पोल-लुई सिमाँ याने १८९८ साली कराचीत प्रयोग करून मांडली. तेव्हा तिची थट्टाच झाली. पक्का पुरावा मिळाला तो आपल्या मुंबईत. लिस्टन या डॉक्टराने प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग मोकळे सोडले आणि त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा जमलेल्या दाखवल्या. मग १९०५ पासून परळला मुद्दाम बांधलेल्या खोपटांत प्रयोग झाले. गिनीपिगाचा पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर टांगला तर तो प्राणी मरे, दोन फुटांवर टांगला तर जगे. हवा दोघांना एकच होती. पिसूची उडी तेवढी दोन फुटांपर्यंत पोहोचत नव्हती. इतका साधा आणि इतका बिनतोड प्रयोग विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

यातून रोगाची रीत कळली. जंतू पिसूच्या पोटात वाढतो आणि तिचा अन्नमार्ग तुंबवतो. भुकेने वेडी झालेली पिसू पुन्हा पुन्हा चावते, आणि चोखलेले रक्त पोटात न जाता जंतूंसह परत जखमेत येते. उंदीर मरून गार पडला की पिसवा त्याला सोडतात आणि दुसरा उंदीर न मिळाला तर नाइलाजाने माणसाकडे वळतात. म्हणून आधी उंदीर पडतात, मग माणसे.

आता वाद असा. १३४७ ते १३५३ या काळात युरोपात जी महामारी आली, जिला इंग्रज 'काळा मृत्यू' म्हणतात, तीही हीच असे सगळे धरून चालले होते. मात्र मुंबईचे तपशीलवार आकडे हाती आल्यावर काही अभ्यासकांनी दोन्ही साथी शेजारी शेजारी ठेवल्या, आणि त्या जुळेनात. हिंदुस्थानातला प्लेग एका मोहल्ल्यातून दुसऱ्या मोहल्ल्यात रेंगाळत जाई. काळा मृत्यू काही वर्षांत भूमध्य समुद्रापासून नॉर्वेपर्यंत पोहोचला. मुंबईत अगदी वाईट वर्षातही मृत्यू शेकडा दोन-तीनांच्या घरात राहिले; युरोपात माणसांचा तिसरा हिस्सा, कित्येकांच्या मते अर्धाअधिक, गेला. आणि मोठी गंमत म्हणजे त्या काळच्या बखरकारांनी सगळे काही लिहिले, पण मेलेल्या उंदरांचा उल्लेख जवळजवळ कोणीच केला नाही. १९८४ साली ग्रॅहॅम ट्विग या प्राणिशास्त्रज्ञाने ती साथ प्लेगची नसून अँथ्रॅक्सची असावी असे सुचवले. पुढे कोणी रक्तस्रावी तापाचा विषाणू पुढे केला. २००२ साली सॅम्युएल कोन या इतिहासकाराने तर रोग कोणता ते न सांगता एवढेच ठासून म्हटले, की मुंबईचा हा रोग तो नव्हे.

माझ्या मते या मंडळींची चौकसपणाची वृत्ती चांगली होती. चूक होती ती एका गृहीतात. परळला मुंबईचा प्लेग कसा पसरतो ते कळले होते. प्लेग सर्वकाळ आणि सर्वत्र तसाच पसरतो, असे कोणी सिद्ध केले नव्हते. पण या वादाचा निकाल कागदपत्रांनी लागणे शक्य नव्हते.

तो लागला मेलेल्या माणसांच्या दातांनी. दाताच्या पोटात मऊ गर असतो आणि त्यात रक्तवाहिन्या येतात. रक्तात जंतू भिनून माणूस मेला तर जंतूही त्या गरात अडकतात, आणि वरच्या कठीण कवचामुळे त्यांचा डी.एन.ए. शतकानुशतके थोडाबहुत टिकतो. १९९८ साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी या मार्गाने प्लेगचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. इतरांनी तोच प्रयोग केला तर २००४ साली त्यांच्या हाती काहीच लागले नाही, आणि प्रयोगशाळेतलीच घाण नमुन्यात मिसळली असावी असा आक्षेप आला. लंडनमध्ये टॉवरच्या जवळ ईस्ट स्मिथफील्ड येथे १३४८-४९ च्या साथीतल्या मृतांसाठी खास काढलेली दफनभूमी आहे. तिच्यातल्या दातांमधून २०११ साली जंतूची जवळजवळ संपूर्ण जनुकीय लिपी वाचली गेली. जुन्या डी.एन.ए.चे तुकडे झालेले असतात आणि त्यांच्या टोकांशी एक ठरावीक झीज दिसते. ही झीज नव्या घाणीत नसते. त्यामुळे आक्षेपाला जागा उरली नाही. तो प्लेगचाच जंतू होता. इतकेच नव्हे, तर आजच्या जंतूंशी ताडून पाहता तो त्यांच्या बहुतेक शाखांच्या मुळाशी बसतो. १८९६ साली मांडवीत जो शिरला तो त्याच घराण्यातला.

मग हे मूळ कुठले? किरगिझस्तानात इसिक-कुल सरोवराजवळ कारा-जिगाच येथे एका ख्रिस्ती वसाहतीची दफनभूमी आहे. १८८५ नंतर रशियन संशोधकांनी ती खणली. तिथल्या शिळांवर सिरियाक लिपीत मृत्यूची साले कोरलेली आहेत. अशा ४६७ शिळांपैकी ११८ एकट्या १३३८-३९ या दोन वर्षांतल्या, आणि काहींवर 'महामारीने गेला' असे स्पष्ट लिहिलेले. फिलिप स्लाव्हिन या इतिहासकाराला हा आकडा खटकला. सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात ठेवलेल्या त्या सांगाड्यांपैकी सात जणांचे दात तपासले गेले. तिघांत जंतू निघाला. २०२२ च्या जूनमध्ये हे प्रसिद्ध झाले. त्या जंतूची जागा नेमकी त्या बिंदूवर आहे, जिथून वंशवृक्षाच्या चार फांद्या एकाच वेळी फुटतात. त्याचे आजचे जवळचे नातलग तिएनशान पर्वतात, बिळांत राहणाऱ्या मार्मोट नावाच्या प्राण्यांत आढळतात. युरोपात साथ पोहोचण्याआधी आठ-नऊ वर्षे ती तिथे माणसे मारत होती.

रोग एकच असेल तर पसरण्यात एवढा फरक का, हा प्रश्न उरतोच. जंतूच्या लिपीत असा कोणताही बदल सापडला नाही, की ज्यामुळे चौदाव्या शतकातला जंतू अधिक घातक ठरावा. माणसाच्या अंगावरच्या पिसवा आणि उवा यांनी साथ पसरवली असे धरून २०१८ साली गणित मांडले, तेव्हा ते युरोपातल्या जुन्या मृत्युनोंदींशी उंदरांच्या गणितापेक्षा बरे जुळले. तसे असेल तर बखरींत मेलेले उंदीर नसण्याचे कोडेही काहीसे सुटते. पण हे गणित आहे, साक्ष नव्हे. त्यावर वाद चालू आहे. आणखी एक गोष्ट कळली आहे. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांतही प्लेगचा जंतू सापडतो, परंतु पिसूच्या पोटात तग धरण्याला लागणारे जनुक त्या जुन्या जंतूत नाही. म्हणजे परळला पाहिलेली रीत हा जंतू मागाहून शिकला. सुमारे ३८०० वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांत त्याने ती आत्मसात केलेली दिसते.

आपल्याकडच्या जुन्या साथींचे काय? जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत आग्र्याच्या साथीच्या वेळी झिंगल्यासारखा धडपडणारा एक उंदीर वर्णन केला आहे. १६८८ च्या सुमारास विजापुरात औरंगजेबाच्या छावणीत मोठी साथ आली, काखेत आणि जांघेत गाठी येऊन माणसे पडली, आणि बादशहाची बेगम औरंगाबादी महल तिच्यातच दगावली. वर्णन प्लेगसारखेच आहे. पण वर्णनावरून लंडनचाही निकाल लागला नव्हता. त्या साथींत मेलेल्या बहुतेक हिंदूंचे दात चितेत गेले. साक्ष मिळायची तर ती छावणीतल्या मुसलमान मृतांच्या किंवा इतर पुरलेल्या मृतांच्या कबरींतून मिळेल.