मसूरची बैलगाडी ते मुक्कामाची एसटी



भातसानगरच्या धरणातलं पाणी रोज मुंबईला पोचतं. मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा या एका धरणाचा आहे. पण त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यावरची मुलगी संध्याकाळी कॉलेजातून घरी कशी पोचते, हे कुणी विचारत नाही. हा फक्त बसचा प्रश्न नाही. त्यामागे आपला इतिहास आहे.

1901 साली छोटा भीमराव सोबतच्या मुलांबरोबर मसूर स्टेशनवर उतरला. जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, पण गाडी मुलांनीच हाकायची, मालक शेजारून चालणार! 1929 साली तेच बाबासाहेब बॅरिस्टर म्हणून चाळीसगावला आले, तेव्हाही टांगेवाल्यांनी नकार दिला. वस्तीतल्या माणसाने टांगा हाकला. त्याला सवय नव्हती. टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली. 1950 च्या संविधानाने कलम 15 मध्ये रस्ते आणि सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या केल्या. 1955 च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने सार्वजनिक वाहनात चढू न देणं हा गुन्हा ठरवला. गावातली जात त्याने संपली नाही, पण तिकीट घेतलेल्या माणसाला शेजारी बसू देणं भाग पडलं.

मात्र गाडीत चढण्याचा हक्क मिळाला, तरी गाडीच आली नाही तर?

याचंही उत्तर कायद्यात आहे. एसटीसारखी महामंडळं 1950 च्या रस्ते वाहतूक महामंडळ कायद्यावर उभी आहेत. त्याचं कलम 18 सांगतं की कार्यक्षम, पुरेशी, परवडणारी आणि सुसूत्र सेवा देणं हे महामंडळाचं कर्तव्य आहे. त्याच कायद्याचं कलम 22 सांगतं की कारभार व्यापारी तत्त्वांवर चालवा. पाड्याची फेरी 'भारमान नाही' म्हणून बंद होते, तेव्हा कलम 22 हे कलम 18 ला गिळतं.

कुणी म्हणेल, एसटी तोट्यात आहे, रिकामी गाडी कशी चालवायची? पण दोनदा फेरी चुकली की तिसऱ्यांदा माणूस थांबत नाही, शेअर रिक्षा किंवा जीप धरतो. म्हणजे आधी सेवा तुटते, मग भारमान पडतं. आणि पडलेलं भारमान पुढची फेरी बंद करण्याचं कारण बनतं. मुलींना शाळेसाठी मोफत पास आहे. 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. पण गाडीच नसेल तर सवलत कशावर घ्यायची?

दुसरी रेषा नकाशावरची आहे. मुंबई महानगर प्रदेशाचं प्राधिकरण 1975 साली झालं. प्रदेशाची हद्द आखताना शहापूर आणि मुरबाड तालुके बाहेर राहिले. 2019 मध्ये ती पालघर आणि अलिबागपर्यंत वाढली, तेव्हाही ते आत आले नाहीत. महानगराची मेट्रो त्या हद्दीच्या आत. शहापूर तालुक्याला कसारा लोकल तरी आहे. मुरबाड तालुक्यात रेल्वे स्टेशनच नाही. आमचं पाणी महानगराच्या हिशेबात धरलं जातं, आमची माणसं धरली जात नाहीत.

ज्याच्या दारात मोटरसायकल आहे त्याला हे जाणवत नाही. जाणवतं ते कातकरी, ठाकूर पाड्यांना, बौद्ध वस्त्यांना आणि रोजंदारीवर जाणाऱ्या बायांना. मसूरचा गाडीवान तोंडावर नकार देत होता. आज जात विचारून कुणी नकार देत नाही, वेळापत्रकातली फेरी तेवढी गाळली जाते. नकार झेलणारी माणसं बहुतेक तीच आहेत.

म्हणून मित्रांनो, जयंतीच्या मिरवणुकीइतकंच हे कामही करा. माहिती अधिकारात आपल्या आगाराच्या नियोजित आणि रद्द फेऱ्यांची गाववार यादी मागा. ग्रामसभेत मुक्कामाच्या गाडीचा ठराव घ्या. निवेदनात 'विनंती' लिहू नका, कलम 18 लिहा.

जय भीम!