लुटुपुटीच्या राज्याची वेस

अमेरिकेतील बालदूरचित्रवाणीचा इतिहास सांगताना फ्रेड रॉजर्स (१९२८–२००३) यांच्या सौजन्याचेच वर्णन बहुधा पुढे येते. ते सौजन्य खरे होते. परंतु त्या वर्णनाआड ‘मिस्टर रॉजर्स नेबरहुड’ या कार्यक्रमाची रचना झाकली जाते, आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाने पाहावयाची ती रचनाच होय.

१९५४ साली पिट्सबर्ग येथील ‘डब्ल्यूक्यूईडी’ केंद्रावर ‘चिल्ड्रन्स कॉर्नर’ सुरू झाला, तेव्हा रॉजर्स प्रेक्षकांना दिसत नसत. जोसी केरी पुढे बोलत आणि गात. रॉजर्स मागे ऑर्गन वाजवीत व बाहुल्या नाचवीत. दोहोंमधील धावपळीचा आवाज होऊ नये म्हणून त्यांनी मऊ तळव्यांचे कॅनव्हासचे बूट घातले. पुढे जगप्रसिद्ध झालेले बूट ते हेच! डॅनियल हा भित्रा वाघोबा रंगविलेल्या घड्याळातून डोके काढी व जोसीशी सरळ बोले. माणसे आणि बाहुल्या एकाच जगात नांदत होत्या.

१९६० नंतर टोरांटो येथे रॉजर्स स्वतः कॅमेऱ्यासमोर आले. तेथे तयार झालेली ट्रॉली व राजवाडा घेऊन ते पिट्सबर्गला परतले, आणि दोन जगांमध्ये वेस उभी राहिली. अलीकडे घर: स्वेटर, बूट, माशांना खाणे. पलीकडे ‘नेबरहुड ऑफ मेक-बिलीव्ह’. या शब्दांना ‘काल्पनिक’ हा पर्याय पुस्तकी ठरेल; ‘लुटुपुटीचे’ हाच शब्द योग्य, कारण भातुकलीतला भात खोटा आहे हे खेळणाऱ्या मुलाला ठाऊक असते, आणि ते ठाऊकपण या शब्दात आहे. बाहुल्यांचे बहुतेक आवाज रॉजर्स यांचेच. स्वतः मात्र ते त्या राज्यात सहसा पाऊल टाकीत नाहीत. ये-जा करते ती ट्रॉली. तिला वाणी दिली जॉनी कॉस्टा यांच्या पियानोने. श्रोते लहान म्हणून कॉस्टांनी आपले जॅझ पातळ केले नाही.

ही वेस कशासाठी, हे १९६८ साली कळले. १९ फेब्रुवारीस राष्ट्रीय प्रसारण सुरू झाले, तेव्हा व्हिएतनाममधील युद्ध ऐन भरात होते. पहिल्याच आठवड्यात लुटुपुटीच्या राज्यातील राजा फ्रायडे तेरावा बदलाच्या भयाने सीमेवर पहारे बसवितो, काटेरी तार लावतो. अखेर शांतीचे संदेश बांधलेले फुगे राजवाड्यावर तरंगत येतात आणि राजा नमतो. हा शेवट मला थोडा सुलभ वाटतो. राजे फुग्यांनी नमत नाहीत.

त्याच वर्षीच्या जूनमधील विशेष कार्यक्रम याहून फार वरच्या दर्जाचा आहे. रॉबर्ट केनेडी यांची हत्या नुकतीच झाली होती. डॅनियल लेडी अ‍ॅबर्लिन या मानवी पात्राला फुगा फुगवावयास सांगतो, हवा सोडावयास लावतो, आणि आतली हवा कुठे गेली असे विचारतो. मग, जणू सहजच, ‘हत्या’ या शब्दाचा अर्थ विचारतो. प्रश्न त्या राज्यात उमटतो. रॉजर्स स्वतःच्या रूपात येऊन बोलतात ते थोरांशी. मुलाचे भय बाहुलीने उचलावे व जबाबदारी माणसाने घ्यावी, अशी ही वाटणी आहे. मे १९६९ मध्ये सिनेटच्या समितीपुढे सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या २ कोटी डॉलर्सच्या अनुदानासाठी बोलतानाही त्यांनी रागावरील आपल्या एका गीताचे शब्दच म्हणून दाखविले. बालमानसतज्ज्ञ मार्गारेट मॅक्फार्लंड यांच्याशी चाललेल्या प्रदीर्घ सल्लामसलतीतून ही दृष्टी घडली होती.

नव्या भागांचे प्रसारण ऑगस्ट २००१ मध्ये संपले. २०१२ साली डॅनियलच्या मुलाला नायक करून ‘डॅनियल टायगर्स नेबरहुड’ ही सचित्रपट मालिका निघाली. ती नीटनेटकी आहे, मुलांना आवडते; खऱ्या मुलांची छोटी दृश्येही तीत मधूनमधून येतात. परंतु स्वेटर आणि बूट आता छोटा वाघोबाच घालतो. तीत ट्रॉलीही आहे. ती लुटुपुटीच्या राज्यातच फिरते, त्यातून बाहेर कोणाला आणून सोडीत नाही.