डोंगरी कापड

इंग्रजी भाषेत आशियाई कापडांची जी नावे शिरली त्यांतील बरीचशी मुळात गावांची किंवा बंदरांची नावे आहेत. कालिकतवरून ‘कॅलिको’ आणि चीनमधील नानकिंगवरून ‘नानकीन’ ही त्यांतली परिचित उदाहरणे होत. ‘डंगरी’ हा शब्द याच कुळातला असला, तरी कापडाचे नाव म्हणून तो इंग्रजीत आता जवळजवळ मृत झाला आहे, आणि त्याचे मूळ सांगणारा सर्वांत नेमका पुरावा मराठी शब्दकोशात सापडतो, ही गोष्ट मराठी वाचकांनाही फारशी ठाऊक नाही.

ईस्ट इंडिया कंपनीचा कप्तान जॉन सॅरिस १६१३ साली मोलुक्का बेटांत लवंगांच्या बदल्यात खंबायत आणि कोरोमंडल किनाऱ्यावरचे सुती कापड देत होता. त्याने नोंदवलेल्या दरांत भडोचच्या एका जातीच्या कापडाला सहा कॅटी लवंग (कॅटी हे त्या भागातले वजनी माप), तर उत्तम ‘डोंगेरी’ कापडाला बारा कॅटी लवंग मिळत असे. पुढे जाड्याभरड्या मालाचे पर्यायनाव ठरलेला हा शब्द इंग्रजी लिखाणात आला तो असा, दुप्पट भावाच्या उत्तम वाणाला चिकटून.

यूल आणि बर्नेल यांनी अँग्लो-इंडियन शब्दांचा आपला प्रसिद्ध कोश १८८६ साली प्रकाशित केला, तेव्हा हा शब्द आपल्या माहितीतल्या कोणत्याही शब्दकोशात नाही, असे त्यांनी लिहिले. वास्तविक मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशाच्या १८५७च्या आवृत्तीत ‘डोंगरी कापड’ ही नोंद होती: मुंबईतील डोंगरी किल्ल्यालगतच्या वस्तीत विकले जाणारे साधे देशी कापड, आणि त्यावरून पुढे कोणतेही हलके, स्वस्त सुती कापड, असा तिचा आशय आहे. विल्यम क्रुक यांनी १९०३ साली यूल-बर्नेलच्या कोशाची सुधारित आवृत्ती काढताना ही उणीव भरून काढली. मोल्सवर्थची नोंद कापड तिथे ‘विकले जाणारे’ असे म्हणते, ‘विणले जाणारे’ असे नव्हे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मालाला मागाच्या गावाऐवजी पेठेचे नाव चिकटणे व्यापारात नेहमीचेच होते.

या व्युत्पत्तीत एक अडचण मात्र आहे. सॅरिसच्या काळी मुंबई पोर्तुगीजांकडे होती; इंग्रजांच्या राजाला ती १६६१च्या विवाहकराराने मिळाली आणि कंपनीच्या हाती १६६८ साली आली. त्यामुळे इंग्रज अमदानीतल्या किल्ल्याशी आणि त्याच्या आसपासच्या बाजाराशी शब्दाचा उगम जोडणे कालक्रमात बसत नाही. डोंगरावरून पडलेले ‘डोंगरी’ हे वस्तीचे नाव त्याहून जुने असू शकते, आणि मोल्सवर्थने किल्ल्याचा केलेला उल्लेख त्याच्या काळातल्या वाचकाला जागा ओळखता यावी एवढ्याचसाठी असावा, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

कापडाची प्रतिष्ठा पुढे उतरतच गेली. जाड, टिकाऊ आणि बहुधा निळीत रंगवलेले हे कापड शिडांना, तंबूंना आणि खलाशांच्या कामाच्या कपड्यांना वापरले जाई. न्यू साउथ वेल्समधील गरीब शेतकरी वसाहतवाल्यांना १८२०च्या दशकात ‘डंगरी सेटलर’ म्हणत, कारण हिंदुस्थानातून येणारे हेच भरड कापड त्यांच्या अंगावर असे. इथे कापडाचे नाव माणसाच्या दारिद्र्याचे नाव झाले. अनेकवचनी ‘डंगरीज’ हळूहळू कापडावरून सरकून त्या कापडाच्या विजारीला, आणि नंतर छातीवर पट्टी व खांद्यावर पट्टे असलेल्या अखंड पोशाखाला लागू झाले, आणि कापड कुठलेही असले तरी नाव टिकले.

मराठीत तो शब्द या फेऱ्यानंतर इंग्रजीमार्गे परत आला. लहान मुलांच्या पट्टेवाल्या पोशाखाला आणि कारखान्यातल्या कामगाराच्या अंगरख्याला मुंबईत आज ‘डंगरी’ म्हणतात, आणि डोंगरी हे रेल्वेमार्गालगतच्या एका गजबजलेल्या वस्तीचे नाव आहे. दोन्ही शब्द एकाच शहरात रोज वापरले जातात, पण ‘डोंगरी कापड’ आता कोणत्याही दुकानात मागितले जात नाही.