लपवलेला आजार : पुण्याचा प्लेग, १८९७

मंडळी, धंतोलीत यायचं म्हणजे दवाखान्यांच्या पाट्या वाचतच यावं लागतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये इथल्याच गल्ल्यांत खाटेसाठी वणवण केलेले काही जण समोर बसले असतील. साथीत निर्णय चुकला तर काय होतं, हे त्यांना सांगायला नको. तो चुकतो कसा, ते बघायला आज आपण पुण्याला जाऊ.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांतच तो पुण्यात पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. कलमं फक्त चार. सरकारला वाटेल तो उपाय करण्याची मुभा, आणि सद्हेतूनं केलेल्या कृतीबद्दल कुणावरही दावा नाही. रोग्याची तक्रार कोण ऐकणार, याबद्दल एक ओळ नाही.

पुण्यात रँडसाहेबांनी घरझडतीला गोरे सोजीर लावले. ते थेट माजघरात, देवघरात शिरत. रोगी इस्पितळात, घरचे छावणीत. रोगी लवकर सापडावा हा हेतू चूक नव्हता. पण लोकांनी काय केलं? आजारी माणूस लपवला, रातोरात गाव सोडलं. ज्या झडतीनं रोग सापडायचा, तिनंच तो दडवला.

प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवलं. त्याआधीचं अज्ञान आपण समजून घेऊ. लोकांना विश्वासात घ्यायला मात्र पिसवांचं ज्ञान लागत नव्हतं. सावित्रीबाई आणि डॉ. यशवंत फुले रोग्यांची सेवा करत होते, त्यातच १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. टिळकांनी हिंदू प्लेग इस्पितळ काढलं. तिथं सोजीर लागले नाहीत.

२२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. आपल्याला ती गोळी आठवते, तिच्यामागचा फसलेला कारभार आठवत नाही. पुढच्या काही वर्षांत सरकारनं सक्ती सैल केली, कायदा मात्र तसाच राहिला.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रानं तोच कायदा लागू केला. पुन्हा दारांवर नोटिसा लागल्या, पुन्हा लोकांनी ताप लपवला. सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय अशा नोटिसा लावता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं तेव्हा डिसेंबर उजाडला होता.

तेव्हा पुढच्या साथीत आदेश आला, की एवढंच विचारा : यानं माणूस दवाखान्यात येईल, की घरात दडून बसेल?