घरचा वायफाय प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतोय? मेकॅनिकला फोन करण्याआधी हे करून बघा

शिष्यवृत्तीच्या अर्जाची उद्या शेवटची तारीख. रात्रीचे साडेदहा वाजलेले, झेरॉक्सची दुकाने बंद. मुलीने मोबाईलवरून प्रिंट दिली, तर स्क्रीनवर ‘प्रिंटर ऑफलाइन’. प्रिंटर तर समोरच चालू आहे, दिवा लागलेला आहे, कागद आहे, शाईही आहे. अब्बा म्हणतात मशीन बिघडले. भाऊ म्हणतो वायफाय गेले. अम्मी म्हणतात, सकाळी दुकानात जाऊन काढा, एवढे काय!

बारामती-इंदापूर भागातल्या बऱ्याच घरांत हा प्रसंग ओळखीचा आहे. कोरोनाच्या काळात शाळा मोबाईलवर आली आणि घरात प्रिंटर घ्यायची गरज पडू लागली. आता हजच्या अर्जाची प्रिंट, पे-इन स्लिप, दहावी-बारावीचे हॉल तिकीट, उत्पन्नाच्या दाखल्याची कागदपत्रे, मोहल्ल्यात वाटायचे रमजानचे टाइम टेबल, सगळे घरीच निघते. आणि ऐन वेळी मशीन रुसते.

अशा वेळी बहुतेकदा प्रिंटर बिघडलेला नसतो. फोन आणि प्रिंटर यांची एकमेकांशी गाठ पडत नसते, इतकेच. ती गाठ कुठे सुटली, हे क्रमाने तपासले तर बरेचदा अर्ध्या तासात काम होते.

आधी हे समजून घ्या

घरातला राउटर म्हणजे मोहल्ल्यातला पोस्टमन समजा. फोन, लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर, प्रत्येकाला तो एक घर नंबर देतो. त्यालाच आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. तो १९२.१६८.१.५ अशा आकड्यांचा असतो. तुम्ही प्रिंट दिली की फोन ते पान राउटरकडे देतो आणि राउटर ते प्रिंटरच्या घर नंबरावर पोहोचवतो.

यातून दोन गोष्टी लक्षात येतात. एक, घरातल्या घरात प्रिंट काढायला सहसा इंटरनेट लागत नाही. रस्त्याच्या खोदकामात फायबरची वायर तुटली तरी राउटर चालू असेल तर प्रिंट निघू शकते. फक्त काही नव्या मॉडेलना कंपनीच्या अ‍ॅपसाठी इंटरनेट लागते. दोन, फोन आणि प्रिंटर एकाच राउटरच्या मोहल्ल्यात हवेत. एक इकडे आणि एक तिकडे असेल तर पान पोहोचणार नाही.

पायरी १ : बंद-चालू करा, पण क्रमाने

आपल्याकडे सर्वात जास्त गोंधळ लाईट गेल्या-आल्यावर होतो. लाईट आली की सगळे एकदम सुरू होते. राउटरला पूर्ण तयार व्हायला दोन-तीन मिनिटे लागतात. प्रिंटर त्याआधीच जागा होतो, वायफाय शोधतो, सापडत नाही आणि काही मॉडेल पुन्हा शोधायचेच सोडून देतात.

म्हणून असे करा :

१. प्रिंटर त्याच्या बटणाने बंद करा. भिंतीवरचा स्विच थेट बंद करू नका. शाईचा प्रिंटर बटणाने बंद केला की त्याचे हेड झाकणाखाली जाऊन बसते. तसे झाले नाही तर शाई सुकते आणि नवीन दुखणे मागे लागते.
२. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. त्याचे दिवे स्थिर होईपर्यंत थांबा.
३. मग प्रिंटर चालू करा आणि त्याचा वायफायचा दिवा बघा. दिवा स्थिर असेल तर सहसा तो जोडला गेला आहे. लुकलुकत असेल तर अजून शोधतोय.
४. शेवटी फोनचे वायफाय बंद करून पुन्हा चालू करा आणि प्रिंट द्या.

राउटर इन्व्हर्टरवर किंवा राउटरसाठी मिळणाऱ्या छोट्या यूपीएसवर ठेवला तर दर वेळचा हा व्याप बराच कमी होतो.

पायरी २ : दोघे एकाच वायफायवर आहेत का?

फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन वायफायचे नाव बघा. प्रिंटर कोणत्या वायफायवर आहे तेही बघा. स्क्रीनच्या प्रिंटरवर ते नेटवर्क मेनूमध्ये दिसते. स्क्रीन नसलेल्या प्रिंटरमधून नेटवर्कच्या माहितीचे एक पान काढता येते. त्यासाठी कोणते बटण दाबायचे, हे सोबतच्या पुस्तिकेत असते. ही गफलत नेहमी पुढच्या चार ठिकाणी होते :

- एकत्र कुटुंबातले दोन कनेक्शन. खाली अब्बांचे, वर चाच्चांचे. प्रिंटर खालच्या राउटरवर आणि मुले वरच्या वायफायवर. इंटरनेट दोन्हीकडे चालते म्हणून संशय येत नाही. प्रिंट देण्यापुरते खालच्या वायफायवर या.
- मोबाईल डेटा. वायफायवर इंटरनेट नसेल तर बरेच फोन गुपचूप मोबाईल डेटावर जातात. प्रिंट देताना मोबाईल डेटा बंद ठेवा.
- गेस्ट नेटवर्क. पाहुण्यांसाठी राउटरवर वेगळे नाव ठेवलेले असते. त्यावरच्या फोनला घरातली बाकीची यंत्रे दिसू नयेत, अशीच सोय त्यात असते. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘एपी आयसोलेशन’ चालू असले तरी हेच होते.
- व्हीपीएन. अभ्यासासाठी किंवा ऑफिसच्या कामासाठी व्हीपीएन चालू असेल तर प्रिंटपुरते बंद करा.

पायरी ३ : प्रिंटरचा घर नंबर बदलला का?

राउटर बंद-चालू झाला की तो नव्याने नंबर वाटू शकतो. काल प्रिंटर ५ नंबरवर होता, आज ९ वर गेला. लॅपटॉप मात्र जुन्या ५ नंबरवरच पान पाठवत बसतो आणि तिथे कोणी नाही म्हणून ‘ऑफलाइन’ सांगतो.

प्रिंटरच्या नेटवर्कच्या पानावर आयपी अ‍ॅड्रेस बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरला राउटरकडून नंबर मिळालेलाच नाही. तो वायफायला पुन्हा जोडावा लागेल. नंबर बरोबर दिसत असेल तर लॅपटॉपवरून जुना प्रिंटर काढून टाका आणि नव्याने जोडा.

हे दर वेळी करायला नको असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ करून घ्या. त्याने प्रिंटरचा नंबर कायमचा राखून ठेवता येतो. राउटरचा लॉगिन पासवर्ड माहीत नसेल तर कनेक्शन देणाऱ्या केबलवाल्याला हे काम सांगा. पाच मिनिटांचे आहे.

पायरी ४ : राउटर किंवा पासवर्ड नुकताच बदलला आहे का?

नवीन कनेक्शन घेतले, किंवा शेजारची पोरे वापरतात म्हणून पासवर्ड बदलला. सगळ्यांच्या फोनमध्ये नवीन टाकला, प्रिंटर मात्र विसरला. त्याच्याकडे जुनाच पासवर्ड आहे. प्रिंटरच्या मेनूमधून किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधून वायफाय पुन्हा सेट करा. पासवर्ड टाकताना मोठी-छोटी अक्षरे जशीच्या तशी टाका.

राउटरवर डब्ल्यूपीएस बटण असेल तर अजून सोपे. राउटरवरचे बटण दाबा आणि दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवर डब्ल्यूपीएस सुरू करा. पासवर्ड टाकायची गरजच नाही.

तरीही जोडला जात नसेल तर दोन कारणे शोधा.

पहिले, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. आजचे बरेच राउटर या दोन्ही पट्ट्यांवर वायफाय देतात, पण घरगुती प्रिंटरपैकी अनेकांना फक्त २.४ कळते. प्रिंटर जोडताना फोन २.४ च्या नावावर ठेवा. दोन्हींचे नाव एकच असेल तर राउटरमधून ५ ची पट्टी तेवढ्यापुरती बंद करा. एकदा प्रिंटर जोडला गेला की फोन पुन्हा ५ वर गेला तरी चालते, कारण राउटर एकच आहे.

दुसरे, सुरक्षेचा प्रकार. नवीन राउटरवर फक्त ‘डब्ल्यूपीए ३’ लावलेले असेल तर जुना प्रिंटर आत येऊ शकत नाही. ‘डब्ल्यूपीए २’ किंवा दोन्हींची मिश्र सेटिंग ठेवा. जोडत नाही म्हणून वायफाय बिनपासवर्डचे मात्र करू नका.

पायरी ५ : जागा बघा

जुन्या घरांच्या दगड-मातीच्या जाड भिंती, नव्या घरांचे सळईचे स्लॅब आणि पत्र्याचे शेड वायफायला चांगलेच अडवतात. प्रिंटर कधी निघतो, कधी निघत नाही, अर्ध्या पानावर अडकतो, असे असेल तर प्रिंटर राउटरच्याच खोलीत आणून एक प्रिंट काढा. तिथे व्यवस्थित निघाली तर दोष जागेचा आहे. प्रिंटर लोखंडी कपाटात किंवा फ्रीजच्या मागे ठेवू नका. सिग्नल वाढवायला रिपीटर लावणार असाल तर तो वेगळा मोहल्ला तयार करत नाही ना, हे लावणाऱ्याकडून पक्के करून घ्या.

पायरी ६ : फोन आणि लॅपटॉप

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगच्या शोधात ‘प्रिंटिंग’ टाइप करा आणि प्रिंट सर्व्हिस चालू आहे का बघा. प्रिंटर दिसत नसेल तर कंपनीचे किंवा ‘मोप्रिया’चे प्रिंट अ‍ॅप प्ले स्टोअरवरून घ्या. आयफोनला वेगळे काही लागत नाही, फक्त प्रिंटर एअरप्रिंट चालणारा हवा.

विंडोजच्या लॅपटॉपवर तीन गोष्टी बघा. प्रिंटच्या रांगेत जुनी अडकलेली कामे असतील तर सगळी रद्द करा. प्रिंटरच्या मेनूमध्ये ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’ला टिक असेल तर काढा. घरचे वायफाय ‘पब्लिक’ म्हणून नोंदले असेल तर ‘प्रायव्हेट’ करा, नाहीतर लॅपटॉपला घरातला प्रिंटर सापडत नाही. रांग रद्दच होत नसेल तर ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ रीस्टार्ट करा.

रात्र झाली, काहीच जमत नाही, आणि प्रिंट तर हवीच

दोन मार्ग आहेत. बऱ्याच प्रिंटरमध्ये ‘वायफाय डायरेक्ट’ असते. फोनच्या वायफायच्या यादीत ‘डायरेक्ट’ या इंग्रजी शब्दाने सुरू होणारे प्रिंटरचे नाव दिसते. त्याचा पासवर्ड प्रिंटरच्या मेनूमध्ये किंवा नेटवर्कच्या पानावर असतो. त्याला जोडले की राउटरशिवाय प्रिंट निघते. दुसरा मार्ग साधी यूएसबी केबल. प्रिंटरला लॅपटॉप केबलने जोडा आणि काम उरकून घ्या. वायफायचे सकाळी बघता येईल. ही केबल प्रिंटरच्या खोक्यात असेल तर फेकू नका, नसेल तर एक आणून ठेवा.

नेटवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधू नका

हे सर्वात महत्त्वाचे. प्रिंटर चालेना की आपण नेटवर मदतीचा नंबर शोधतो. तिथे कंपनीच्या नावाने खोटे नंबर टाकून बसलेले लोक असतात. फोन केला की ते गोड बोलतात, लॅपटॉप किंवा मोबाईलमध्ये स्क्रीन दाखवणारे अ‍ॅप टाकायला लावतात, ‘तुमच्या नेटवर्कमध्ये व्हायरस आहे’ म्हणतात आणि पैसे मागतात. स्क्रीन त्यांच्या हातात असताना बँकेचे अ‍ॅप उघडले तर खाते रिकामे व्हायला वेळ लागत नाही. प्रिंटरचे काम पाचशेचे, नुकसान पन्नास हजारांचे.

कंपनीचा नंबर खोक्यावरून, वॉरंटी कार्डवरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्या. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कोणतेही अ‍ॅप टाकू नका, ओटीपी देऊ नका. फसवणूक झालीच तर लाजू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

घरचा प्रिंटर दुरुस्त ठेवायचा कशासाठी?

प्रश्न फक्त दहा रुपयांच्या प्रिंटचा नाही. दुकानात प्रिंट काढायला आपण आधार, पासपोर्ट, बँकेचे पासबुक, मुलींचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. दुकानदार भला माणूस असतो, पण ती फाइल त्याच्या कॉम्प्युटरवर राहून जाते आणि तिथे दिवसभर दहा लोक बसतात. घरी निघालेला कागद घरातच राहतो. दुकानात जावेच लागले तर जिथे चालेल तिथे ‘मास्क्ड आधार’ द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. काम झाल्यावर फाइल समोर डिलीट करायला सांगा. हे सांगण्यात संकोच कसला?

भिंतीवर चिकटवून ठेवा

- लाईट आल्यावर आधी राउटर, मग प्रिंटर, मग फोन.
- फोन आणि प्रिंटर एकाच राउटरवर. मोबाईल डेटा बंद.
- वायफायचा पासवर्ड बदलला की प्रिंटरमध्येही बदलायचा.
- जोडताना २.४ ची पट्टी.
- अडले तर वायफाय डायरेक्ट किंवा केबल.
- नेटवरच्या नंबरला फोन नाही.

आणि एक शेवटचे. महिन्यातून दोन-तीनदा तरी एखादे रंगीत पान काढत जा, शाई सुकत नाही. हजचा अर्ज असो की शिष्यवृत्तीचा, प्रिंट शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधीच काढून ठेवा. मग प्रिंटर रुसला तरी त्याची समजूत काढायला वेळ मिळेल, इन्शाअल्लाह.