गंजलेले नट-बोल्ट सोडविणे (शेती अवजारांतील)

शेती अवजारांच्या जोडांत गंजामुळे जखडलेला नट किंवा बोल्ट, त्याचे आटे न बिघडविता व शक्यतो तो न तोडता, मोकळा करण्याची प्रक्रिया. बोल्टच्या दांड्यावर व नटाच्या आतील बाजूस कोरलेल्या सर्पिल खाचांना आटे म्हणतात. लाकडी नांगरात फाळ लोखंडी कड्याने आणि इतर भाग पाचरी ठोकून धरलेले असत, त्यामुळे ही अडचण तेथे जवळजवळ नव्हतीच. महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर आला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिल्यावर तो रुळला, आणि त्याच्याबरोबर नट-बोल्ट व पानाही शेतकऱ्याच्या घरात आला. पुढे ट्रॅक्टरचलित पलटी नांगर, रोटाव्हेटर व मळणी यंत्र यांच्या प्रसाराने एकेका अवजारात असे जोड डझनांनी आढळू लागले.

गंज हे लोह, ऑक्सिजन व पाणी यांच्या संयोगाने बनणारे जलयुक्त लोह ऑक्साइड होय. त्याचे आकारमान मूळ लोहाच्या दुपटीहून अधिक, काही रूपांत सहापटीपर्यंतही भरते; आट्यांमधील फट मात्र मिलिमीटरच्या अंशाइतकीच असल्याने तेथे साचलेला गंज दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर दाबून धरतो. उन्हाळी नांगरट आटोपल्यावर अवजार पावसाळाभर उघड्यावर पडून राहणे हे याचे नेहमीचे कारण असले, तरी जहाल गंज आढळतो तो पेरणी यंत्राच्या खतपेटीखाली. कारण म्युरेट ऑफ पोटॅशमधील क्लोराइड गंजण्याची क्रिया वेगाने घडवितो आणि हवेतील बाष्प शोषून पाझरणारा युरिया तेथील ओल टिकवून ठेवतो. कोकणातील खाऱ्या हवेत लोखंड लवकर खराब होते तेही क्लोराइडमुळेच.

कामाची सुरुवात तारेच्या ब्रशने होते. नटाबाहेर आलेल्या आट्यांवरील माती व गंज आधी काढला नाही, तर सुटलेला नटही बाहेर येताना त्यातच पुन्हा अडकतो. त्यानंतर झिरपे तेल सोडतात. झिरपे तेल म्हणजे इतके पातळ तेल, की जे केशाकर्षणाने, म्हणजे अरुंद फटीत आपोआप ओढले जाण्याच्या गुणाने, आट्यांत शिरते. रॉकेल व डिझेल हे काम बऱ्यापैकी करतात, इंजिन ऑइल मात्र दाट असल्याने बाहेरच राहते. तेल रात्रभर मुरू द्यावे, अधूनमधून पुन्हा सोडावे, आणि नटाच्या एका बाजूस जड हातोडा टेकवून समोरच्या बाजूस दुसऱ्या हातोड्याने बेताचे ठोके द्यावेत, म्हणजे ठिसूळ गंजाला तडे जाऊन तेलाला वाट मिळते. पाना सहा कोनांचा रिंग किंवा बॉक्स प्रकारचा, नेमक्या मापाचा घ्यावा (१६ मिमी. बोल्टच्या नटाला सामान्यतः २४ मिमी.चा), उघड्या तोंडाचा किंवा स्क्रूने कमीजास्त होणारा पाना नटाचे कोपरे गोल करून टाकतो. नट प्रथम किंचित आवळून मग सोडविल्यास गंजाची पकड अधिक सहज तुटते. नट हलू लागल्यावर तो एकदम न फिरविता थोडा पुढे, थोडा मागे असा तेल देत आणावा. फिरत्या दांड्यांवरील काही नटांना उलटे आटे असतात, हे आधी पाहून घेणे आवश्यक असते.

पान्याला लांब पाइप अडकविण्याची रीत सर्वत्र आहे आणि बहुतेक बोल्ट तिच्यामुळेच तुटतात. पाइपाने तरफेची लांबी दुप्पट झाली, की तेवढ्याच जोरात पीळही दुप्पट होतो, आणि गंजाने आधीच बारीक झालेला दांडा तो सोसत नाही. हा उपाय तेलाला पुरेसा वेळ दिल्यानंतरचा आहे, आधीचा नव्हे.

तेलाने न सुटणाऱ्या नटाला उष्णता देतात. गॅसच्या ज्योतीने फक्त नट तापवावा. पोलादी नट बोल्टपेक्षा ३०० अंश सेल्सिअसने अधिक तापला, तर १६ मिमी. व्यासाचे त्याचे भोक सुमारे ०·०६ मिमी.ने रुंदावते, आणि गंजाचा थर तुटण्यास एवढे बहुधा पुरते. नट थोडा निवल्यावर त्याला मेणबत्तीचे मेण लावले असता ते वितळून आट्यांत ओढले जाते. तेल नुकतेच सोडलेल्या जोडावर ज्योत धरणे धोक्याचे असते. ऑइल सील व बेअरिंग यांच्याजवळही उष्णता टाळतात, आणि हवा भरलेल्या टायरच्या चाकावरील नट तर कधीच तापवीत नाहीत, कारण आतील दाब वाढून टायर फुटू शकतो. डोक्यावर ८.८ असा आकडा असलेले बोल्ट उष्णोपचाराने कणखर केलेले असतात. ते तापविल्यास त्यांचे बळ घटते, म्हणून सुटले तरी बदलावे लागतात.

नांगराच्या फाळाचे बोल्ट हा वेगळा प्रकार आहे. त्यांचे डोके फाळात बुडविलेले असते आणि त्याखालील चौकोनी मान बोल्टला फिरू देत नाही. मान झिजली, की नटाबरोबर बोल्टही फिरतो, आणि मग ग्राइंडरने नट कापणे हाच शहाणपणाचा मार्ग उरतो. बोल्ट भोकातच तुटला, तर उरलेल्या टोकावर नवा नट वेल्डिंगने जोडून तो फिरवितात. वेल्डिंगची उष्णता येथे दुहेरी उपयोगी पडते. तेही न साधल्यास मधोमध ड्रिल करून टॅपने, म्हणजे आटे पाडण्याच्या हत्याराने, नवे आटे पाडतात.

नवा बोल्ट बसविताना आट्यांना ग्रीस किंवा ग्राफाइटयुक्त लेप लावल्यास पुढच्या हंगामात तो हाताला येतो. रोटाव्हेटरच्या दांड्यावरील शिअर बोल्ट, म्हणजे भार वाढताच स्वतः तुटून गिअरबॉक्स वाचविणारा बोल्ट, मात्र उत्पादकाने सांगितलेल्या ताकदीचाच घालावा लागतो. त्याऐवजी अधिक मजबूत बोल्ट घातल्यास दगड लागताच गिअरबॉक्सचे दाते तुटतात.